टेबलावरून उठायचं नाही

शरीफुन्निसाला दोन गावं. एक दाभोळच्या खाडीवरचं, जिथं ती जन्मली. दुसरं व्हर्बिंका, तिकडे युरोपात, स्लोव्हाकियाच्या डोंगरांत, जिथं तिनं जन्मात पाऊल टाकलेलं नाही. पण विचारून बघा तिला. चर्चच्या खालच्या अंगाला कोणाचं घर, ओढ्यावरचा लाकडी पूल पुरात कसा गेला, कुठल्या सुनेनं सासूशी भांडून त्याच अंगणात दुसरी चूल मांडली, सगळं धडाधड सांगेल. "तू कधी गेलीस गो तिथं?" असं कोणी खवचटपणे विचारलं तर उत्तर तयार. "सीरियलमधल्या घरात तू कधी गेलीस? मग त्यांच्या सुनांची उणीदुणी कशी काढत बसतेस?"

ह्या दुसऱ्या गावानं तिला गेल्या नाताळच्या आदल्या संध्याकाळी असं कचाट्यात धरलं, की अजून आठवलं तरी तिच्या तळहाताला घाम सुटतो.

व्हर्बिंका तिच्या आयुष्यात आलं ते मार्गिताबरोबर. मार्गिता म्हणजे आखातातल्या अरादच्या किल्ल्यामागच्या गल्लीतली गोरी म्हातारी. तरुणपणी इथला यूसुफ नावाचा पोरगा सरकारी खर्चानं तिकडे इंजिनियरिंग शिकायला गेला आणि परत येताना डिग्रीबरोबर लांब वेणीची एक पोरगी घेऊन आला. गल्लीतल्या बायका म्हणाल्या, एक उन्हाळा काढेल आणि पळेल. बायका गेल्या, काहींच्या सुनाही गेल्या, मार्गिता राहिली. अरबी अशी शिकली की मासळीवाला तिला बघून आधीच भाव उतरवायचा. धर्म मात्र तिनं बदलला नाही, आणि यूसुफनंही कधी बदल म्हटलं नाही. वर्षातून एकदा तो तिच्या टेबलाला बसायचा, ती वर्षातून महिनाभर त्याच्या रोज्याला उठायची. हिशेब चुकता.

शरीफुन्निसा ह्या घरात आली ती नवरा गेल्यावर. नजीब एसी दुरुस्तीचं काम करायचा. एका जीवघेण्या उन्हाळ्यात गच्चीवर काम करून खाली आला, पाणी मागितलं आणि ते प्यायलाच नाही. नवऱ्याच्या व्हिसावर राहणाऱ्या बाईचं पुढं काय होतं, हे आखातात राहिलेल्यांना सांगायला नको. कालपर्यंत जी बिऱ्हाडाची मालकीण, ती दुसऱ्या दिवशी ऑफिसांच्या दारात उभी. पोरगी लाईबा शाळेत. गावाला परत जायचं तर दिराच्या घरात कोपरा. तेव्हा कोणीतरी मार्गिताचं नाव सांगितलं. म्हातारीनं दारातच विचारलं, "स्वयंपाक येतो?"

"येतो."

"बोलायला येतं?"

"तेच जास्त येतं."

"मग ये आत. ह्या घरात सगळे मुके झालेत."

त्या दिवसापासून मार्गिता तिची खाला, म्हणजे मावशी, आणि ती मार्गिताची 'शरीफका'. तिकडे लाडक्या माणसाच्या नावाला 'का' लावतात म्हणे. बोलायची भाषा म्हणाल तर अरबी, हिंदी, थोडं इंग्रजी आणि बाकी हातवारे. पण एकमेकींचं अडलं कधी नाही.

संध्याकाळी शरीफुन्निसा खालाच्या गुडघ्यांना तेल लावायला बसायची, आणि व्हर्बिंका उलगडायला लागायचं. एक रस्ता, त्याच्या दोन्ही बाजूंना घरं, मागं आलुबुखाराची झाडं. रस्त्याच्या खांबांवर भोंगे. गावच्या कचेरीतून आधी एखादं जुनं गाणं वाजायचं, मग बाई सांगायची की दुकानापाशी कोंबडीवाला आलाय, उद्या पाणी बंद, आणि अमक्याचा म्हातारा आज पहाटे गेला. हे ऐकल्यावर शरीफुन्निसा तेलाचा हात थांबवून म्हणाली होती, "आमच्याकडे मशिदीवरून सांगतात. गाणं वाजवत नाहीत एवढंच." डुक्कर कापायच्या हिवाळ्यातल्या दिवसाच्या गोष्टीला मात्र ती कानांना हात लावायची. "तौबा, तौबा. खाला, तो भाग सोडा, पुढचं सांगा."

आता गावात उरलेत म्हातारे. तरुण बायका आळीपाळीनं ऑस्ट्रियात जातात, तिथल्या म्हाताऱ्यांना आंघोळी घालायला. मार्गिताची भाचीही तेच करते. म्हणजे व्हर्बिंकाची बाई परक्याची आई सांभाळते, आणि व्हर्बिंकाच्या म्हातारीला सांभाळते दाभोळची बाई. दाभोळच्या बाईच्या आईला कोण सांभाळत होतं, हे विचारू नका. शेजारीण सांभाळत होती. जगाचा हा कारभार बायकांच्या मनगटांवर चाललाय, आणि त्याला कोणी कारभार म्हणत नाही.

गावात मार्गिताची धाकटी बहीण आहे, वेरोना. चर्चची घंटा तीच वाजवते. दर डिसेंबरात तिचं पार्सल येतं. पातळ पापडासारख्या गोड चकत्या, सुकवलेली अळंबी आणि चिठ्ठीऐवजी झाडाचं एखादं पान. मग सुरू व्हायची नाताळच्या आदल्या संध्याकाळच्या जेवणाची तयारी. त्या दिवशी खालाचा उपास. पहिली चांदणी दिसल्याशिवाय पाण्याखेरीज काही नाही. शरीफुन्निसाला हे समजावून सांगायला लागलं नाही. "रोजाच तुमचा," ती म्हणाली आणि खजूर काढून ठेवले. पहिल्या वर्षी तिनं हामूर माशाला कोकमाचं आगळ आणि लाल तिखट चोळून तळलं होतं. खालानं घास घेतला, डोळ्यांत पाणी आलं, आणि ती म्हणाली, "व्हर्बिंकात हे खाल्लं असतं तर वेरोनानं आगीची घंटा वाजवली असती."

गंमत इथपर्यंतच. त्या टेबलाचे कायदे मात्र कडक. बसणाऱ्यांचा आकडा सम पाहिजे. एक ताट जास्तीचं, वाट चुकून आलेल्यासाठी. आणि एकदा बसलं की जेवण संपेपर्यंत कोणी उठायचं नाही. उठेल ती फक्त घरधनीण, कारण वाढायला कोणीतरी पाहिजेच. बाकी जो उठेल, त्याच्या घरातलं एक माणूस पुढच्या वर्षी टेबलाला नसेल.

"आणि घरधनीण आजारी असली तर?" शरीफुन्निसानं एकदा विचारलं होतं.

"आमची आई तापानं फणफणली होती त्या वर्षी. तिनं आपला एप्रन सोडून वेरोनाच्या कमरेला बांधला. एवढीशी पोर, एप्रन पायात येत होता. पण त्या रात्री घरधनीण तीच. एप्रन जिच्या कमरेला, ती उठू शकते."

तो एप्रन आता मार्गिताकडे आहे. गडद निळा, त्यावर पांढरी बारीक फुलं. वर्षातून एकदाच बाहेर निघतो.

हे सगळं म्हाताऱ्यांचं खूळ, असं म्हणणाऱ्यांनी यूसुफचं ऐकावं. शरीफुन्निसा त्या वर्षी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, तिनं डोळ्यांनी बघितलं. जेवताना दाराची बेल वाजली. शेजारचा कोणी हलवा घेऊन आला होता. मार्गिता म्हणाली, मी जाते. यूसुफ हसला, "तुझे गुडघे पोचेपर्यंत हलवा शिळा होईल," आणि उठला. उन्हाळ्याआधी तो गेला. डॉक्टरांनी हृदयाचं काहीतरी कारण सांगितलं. मार्गितानं ऐकून घेतलं आणि पुन्हा कधी त्याच्या खुर्चीकडे पाठ करून बसली नाही.

आता गेल्या वर्षीची गोष्ट. लाईबा मोठी झाली, लग्न झालं, सनाबिसमध्ये राहते. नवरा मुझम्मिल समुद्रातल्या बोटीवर नोकरीला, महिना महिना फोनही लागत नाही. पोरगी इथंच शिकलेली. आई मराठीत बोलणार, ती इंग्रजीत उत्तर देणार, हे बालपणापासून चालू. तिचे दिवस भरायला अजून महिना होता. पण जेवणाच्या आदल्या दिवशी पाय सुजले, डोकं ठणकायला लागलं, आणि सलमानियाच्या मोठ्या दवाखान्यात दाखल करून घेतलं. बीपी वर. डॉक्टरीण समजूतदार होती, दुसऱ्या दिवशी सकाळी नीट सांगितलं. "आजची रात्र लक्ष ठेवू. उतरलं तर ठीक. नाहीतर उद्या सकाळी सिझर. मात्र फोन जवळ ठेवा."

फोन जवळ ठेवा. हे शब्द शरीफुन्निसा दिवसभर तस्बीहच्या मण्यांसारखे ओढत होती.

लाईबाजवळ एकाच माणसाला बसू देत होते. सकाळपासून ती बसली. दुपारनंतर चारुलता आली. ती लाईबाच्याच बिल्डिंगमधली पुण्याची बाई, कुठल्याशा कंपनीत अकाउंटंट, अर्धी रजा टाकून आली होती. "आपा, तुम्ही जा. तुमच्या खालाचं जेवण आहे ना आज? मी आहे."

"मी नाही जायची."

"अम्मी, गो," लाईबा पलंगावरून म्हणाली. "शी इज फास्टिंग सिन्स मॉर्निंग. आय अ‍ॅम फाइन. जस्ट कम बॅक आफ्टर."

अराद पुलापलीकडं तर आहे, शरीफुन्निसानं मनाला समजावलं. जेवण उरकायचं आणि संध्याकाळच्या मगरिबच्या नमाजनंतर घटकाभरात परत. शिवाय यंदा तिच्यावाचून तिकडं अडणार होतं. मार्गिता, मुलगा तारीक, सून लीना, हे झाले तीन. चौथ्या खुर्चीवर यूसुफ गेल्यापासून खालाची एक गाववाली नर्स बसायची, ती उन्हाळ्यात कायमची परत गेली. तीन म्हणजे विषम. खालानं आठवडाभर आधीच बजावलं होतं, "यंदा तू उभं राहायचं नाहीस. बसायचंस. चौथी तू."

पूर्वी ती टेबलाभोवती फिरत वाढायची. खालाचे पाय म्हणून. ती बसलेलीच नसायची, तेव्हा उठण्याचा प्रश्नच नव्हता. ह्या वेळी बसायचं म्हणजे सगळं आधी टेबलावर पाहिजे. तिनं आंबट कोबीचं सूप आणलं, बटाट्याचं सॅलड आणलं, तळलेला हामूर आणला, अक्रोडाचा कूट घोळवलेले पिठाचे गोळे आणले, पाण्याचा जग, वाढायचे चमचे, लिंबू, मीठ. तारीक नि लीना आले. दारातल्या बुटांच्या कपाटावर खालाची पावाची टोपली असते, त्यात दोघांनी आपापले फोन टाकले. जेवताना फोन नाही, हाही कायदाच. शरीफुन्निसाचा फोन दिवसभराच्या दवाखान्यात मरायला टेकला होता. तो स्वयंपाकघरात फ्रिजवर चार्जिंगला होता. शेवटी उचलू, आवाज चालू ठेवू आणि मांडीवर घेऊन बसू, खालाला सांगितलंय, ती काही बोलणार नाही, असं तिनं ठरवलं होतं.

नमाज पढून ती अंगणात गेली, तर किल्ल्याच्या बाजूला चांदणी लखलखत होती. "खाला, दिसली!" आत सगळे एकदम उभे राहिले, खुर्च्या सरकल्या, मार्गितानं मेणबत्ती लावली, आणि शरीफुन्निसा रोज्याच्या घाईनं, सवयीनं, मटकन आपल्या खुर्चीवर बसली.

मार्गितानं मधात बोट बुडवून तारीक नि लीनाच्या कपाळावर छोटा क्रूस काढला. शरीफुन्निसाच्या कपाळाला फक्त बोट टेकवलं. "तुझा देव रागवायला नको."

"रागवत नाही तो. विचारतो फक्त," शरीफुन्निसा म्हणाली, आणि तिचा हात मांडीकडे गेला. फोन.

मांडीवर फक्त नॅपकिन होता.

तिनं दाराकडे बघितलं. जेवणघर, मग बोळ, मग स्वयंपाकघर. सगळं आणलं, सोळा खेपा घातल्या, आणि जी एक वस्तू आणायची तीच तिकडं राहिली. बोलावं का? बोलली तर खालाचा घास अडकेल. दिवसभराचा उपास तिचा. आता वाजणार नाही, तिनं स्वतःला सांगितलं. डॉक्टरीण उद्या सकाळी म्हणाली होती. सकाळी.

मार्गितानं सफरचंद घेतलं आणि आडवं कापलं. आत बियांचा तारा अख्खा निघाला पाहिजे. निघाला. "अल्लाचा शुक्र," लीना पुटपुटली. तिचा ह्यावर विश्वास नाही, पण सासऱ्यांच्या वर्षापासून ती वाद घालत नाही. खालानं फोडी केल्या. प्रत्येकानं एकेक खायची. पुढं कुठं वाट चुकली तर आपण कोणाबरोबर सफरचंद खाल्लं होतं ते आठवायचं, मग वाट सापडते.

"यम्मा, सहा?" तारीकनं आईला विचारलं. "आपण चार."

"पाचवी त्या ताटाची. लाईबाची."

"आणि सहावी?"

"सम आकडा नको का?" म्हातारीनं शरीफुन्निसाकडे बघितलंही नाही. पण शरीफुन्निसाला कळलं, आणि तिनं मान खाली घातली. तिची फोड ताटातच राहिली.

सूप वाढलं गेलं. दोन चमचे पोटात गेले असतील. तेवढ्यात फ्रिजवर फोन वाजला.

तो पत्र्यावर थरथरत वाजत होता, म्हणून आवाज दुप्पट.

"तुझा आहे?" मार्गितानं विचारलं.

"दवाखान्याचा असेल, खाला."

"मी आणतो," तारीक म्हणाला. बँकेत पन्नास माणसांवर हुकूम चालवणारा गडी. खुर्ची मागं सरकली.

"बस!" म्हातारी अशा आवाजात ओरडली की मेणबत्ती हलली. लीनानं नवऱ्याची बाही घट्ट पकडली. "तारीक, बस. प्लीज. तुझ्या घरात मीही आहे."

फोन वाजत होता.

शरीफुन्निसाचे दोन्ही तळवे टेबलावर टेकलेले होते, उठायला टेकवतात तसे. अल्लाच्या हुकमाशिवाय पान हलत नाही, हे तिला आईच्या दुधाबरोबर शिकवलेलं. असल्या गोष्टी मानणं म्हणजे गुनाह, हेही माहीत. पण पान हलत नाही म्हणून खुर्ची हलवायची? जो उठेल, त्याच्या घरातलं एक माणूस. तिच्या घरात माणसं होती किती? तिचं घर म्हणजे त्या पलंगावरची एक पोरगी, आणि तिच्या पोटात आणखी एक जीव. स्वतःवर बेतलं असतं तर ती केव्हाच पळाली असती. उठावं तर लाईबासाठी भीती, न उठावं तरी लाईबासाठीच. यूसुफचं हसणं तिच्या कानात वाजत होतं, हलवा शिळा होईल.

फोन वाजायचा थांबला.

"घरधनीण मी आहे ना?" मार्गिता म्हणाली आणि टेबलाला धरून उभी राहिली.

तिचा वॉकर बाहेर होता. चांगल्या दिवशी ते लोखंड नको म्हणून तिनंच ठेवायला लावलेला. तीन माणसं बसलेली, तिन्ही धडधाकट, आणि दोन्ही गुडघ्यांनी अधू झालेली म्हातारी खुर्च्यांच्या पाठी धरत, मग भिंत धरत बोळात गेली. कोणाला हात देता येईना. चपला घासत गेल्याचा आवाज. फोन पुन्हा सुरू झाला. मग स्वयंपाकघरात काहीतरी धाडकन पडलं.

"यम्मा!" तारीकचा चेहरा पांढराफटक.

लीना डोळे मिटून काहीतरी पढत होती. शरीफुन्निसाला वाटलं, आता दोघींचं रक्त माझ्या माथी, हिचं आणि तिचं.

"झाकण होतं," आतून आवाज आला. "खलास, झालं. मिळाला."

ती भिंत धरत परत आली. शरीफुन्निसानं फोन घेतला, चारुलताचे कॉल येऊन गेलेले. तिनं उलटा फोन लावला.

"आपा, कुठं होतात हो? किती फोन केले. लाईबाला आत नेलंय. बीपी एकदम चढलं, डॉक्टर म्हणाल्या सकाळपर्यंत थांबायचं नाही. जाताना तुम्हाला विचारत होती."

"काय म्हणाली?"

"अम्मी आली का, म्हणाली."

"इंग्लिशमध्ये?"

"अहो, काय विचारताय? नाही. मराठीत."

शरीफुन्निसानं फोन छातीशी धरला. शाळेत पडली, टाके पडले, बाप गेला, तेव्हाही पोरगी इंग्रजीतच रडली होती. मराठी तिला इतक्या खोलातून काढावी लागली म्हणजे ती किती घाबरली असेल.

"मला जायला पाहिजे," ती म्हणाली. आणि बसूनच राहिली.

मार्गिता अजून उभीच होती, खुर्चीच्या पाठीला धरून. तिनं पाठीमागं हात नेले. गाठ सुटेना. बोटं वाकडी झालेली. "लीना, ओढ." लीनानं बसल्या बसल्या गाठ ओढली. निळा एप्रन सुटला. खालानं तो शरीफुन्निसाच्या कमरेभोवती घातला, मागं बांधला, वर आणखी एक गाठ मारली.

"ऊठ, शरीफका. आता घरधनीण तू."

"आणि तुम्ही?"

"मी पाहुणी." म्हातारी धपकन खुर्चीत बसली. "आम्ही बसतो. घरधनीण येऊन झालं म्हणेपर्यंत."

"खाला, मला किती वेळ लागेल कोणास ठाऊक."

"मला कुठं जायचंय? यल्ला, नीघ. बोलत बसू नकोस." तिनं सफरचंदाच्या तीन फोडी नॅपकिनमध्ये बांधून तिच्या हातात कोंबल्या.

गल्लीच्या तोंडाशी श्रीवर्धनच्या नुमानचं कोल्ड स्टोअर, म्हणजे किराणा दुकान आहे. शरीफुन्निसा धावत आली तेव्हा तो दुधाचे क्रेट उतरवत होता. "आपा, हे काय घातलंय?"

"गाडी काढ. सलमानिया."

त्यानं पुढं एक शब्द विचारला नाही. पुलावर वारा गाडीला ढकलत होता, खाली काळं पाणी. ती कुराणातली आयतुल कुर्सी म्हणायला लागली, मध्येच अडखळली, पुन्हा पहिल्यापासून. एका हातात फोडी, दुसऱ्या हातात एप्रनचं टोक. दोन्हीतलं एकही सोडायची तिची छाती झाली नाही.

ऑपरेशनच्या दाराबाहेर चारुलता बसली होती. तिनं एप्रनकडे बघितलं आणि बाकावर सरकून जागा केली. त्या बाकावर शरीफुन्निसाला बसवेना. बसायची तिला भीतीच बसली होती. ती उभी राहिली. दार उघडायचं, दुसऱ्याच कोणाचं नाव यायचं, पुन्हा मिटायचं.

मग तिचं नाव आलं. मुलगी झाली होती. मूठभर. रडली, पण दम लागत होता, म्हणून काचेच्या पेटीत ठेवलेली. डॉक्टरीण म्हणाली, आईचं बीपी उतरतंय, बाळाचे पहिले दोन-तीन दिवस सांभाळायचे. इंशाल्ला. शरीफुन्निसानं काचेतून बघितलं. नळ्यांमध्ये एक लालसर पाय, तिच्या अंगठ्याएवढा. तो हलला. ती तिथून हलेना.

लाईबाला बाहेर आणलं तेव्हा ती गुंगीत होती. आईनं कपाळावर हात ठेवला. पोरीनं डोळे किलकिले केले, एप्रन बघितला.

"अम्मी," ती पुटपुटली. "व्हॉट आर यू वेअरिंग?"

इंग्रजी ऐकून शरीफुन्निसाला आयुष्यात पहिल्यांदा बरं वाटलं. ती इतकी रडली की नर्सनं तिला पाणी आणून दिलं. सफरचंदाच्या दोन फोडी तिनं नॅपकिनात तशाच लाईबाच्या उशाशी ठेवल्या, तिसरी, आपली, एप्रनच्या टोकात बांधली.

मग घरी कळवायला फोन लावला. वाजून वाजून बंद. तारीकचा लावला, तोही वाजून बंद. लीनाचा नंबर तिच्याकडे होता, तोही लावला. खाला स्वयंपाकघरात गेली होती, काही लागलं असेल, बोलली नसेल. आणि मग तिला टोपली आठवली. दारातली, पावाची.

"अल्ला," ती म्हणाली. "ते बसलेत."

"कोण?" चारुलता म्हणाली.

"सगळे. मी गेल्याशिवाय कोणी उठणार नाही."

चारुलतानं घड्याळ बघितलं. "एवढी शिकली-सवरलेली माणसं, अजून बसली असतील?"

"यूसुफसाहेबांना तू बघितलं नव्हतंस."

"मग जा आपा. मी इथंच आहे. पण लगेच या."

नुमान खाली गाडीतच थांबला होता. रात्रीची इशाची नमाज होऊन बराच वेळ झाला होता. अरादच्या घरात दिवे चालू होते. शरीफुन्निसा दार ढकलून आत आली. टोपलीतले फोन, आणि पुढं जेवणघरात तीन माणसं जशीच्या तशी. मेणबत्ती बुडाला आलेली. सुपावर साय धरलेली. लीना डोकं टेबलावर टेकून. तारीक दोन्ही मांड्या आवळून, कपाळावर घाम. मार्गिता ताठ, हात मांडीवर.

"दोघी?" तिनं विचारलं.

"दोघी. लहानी काचेत आहे, खाला. दम लागतोय तिला."

मार्गितानं डोळे मिटले आणि उघडले. "बस आधी. तुझी फोड खा."

शरीफुन्निसानं तांबूस पडलेली फोड चावली. पाण्याबरोबर संपवली.

"आंटी," तारीक काकुळतीला येऊन म्हणाला, "त्या वरच्या मालकाच्या नावानं, सांग ना लवकर."

"झालं," ती म्हणाली. "उठा."

तारीक असा धावला की खुर्ची उलटी पडली. बाथरूमचं दार आपटलं, आणि लीना हसायला लागली. हसता हसता ती रडली. शरीफुन्निसा एप्रनच्या गाठी सोडायला लागली, तर म्हातारीनं तिचं मनगट धरलं.

"राहू दे. पोर घरी येईपर्यंत तुझ्याकडेच."

"खाला, तुमच्या आईचा आहे हा."

"म्हणूनच."

टोपलीतला लीनाचा फोन वाजला. व्हर्बिंकाहून वेरोना, नाताळच्या शुभेच्छा द्यायला. मार्गिता तिच्याशी भराभर बोलली, त्यात शरीफुन्निसाला आपलं नाव ऐकू आलं, लाईबाचं ऐकू आलं. पलीकडून म्हातारीचा आनंदाचा चीत्कार.

"काय म्हणतायत?"

"उद्या सकाळी भोंग्यावरून सांगणार म्हणते. गाणं वाजवून. शरीफकाला नात झाली म्हणून. गावात सगळे तुला ओळखतात."

"नको!" शरीफुन्निसा जवळजवळ ओरडली. "आत्ता नाही, खाला. सांगा त्यांना. पेटीतून बाहेर येऊ दे. तोवर कोणी काही वाजवू नका."

मार्गितानं तिच्याकडे बघितलं आणि फोनमध्ये हळू आवाजात काहीतरी सांगितलं. तिकडून वेरोना एकच शब्द बोलली.

"थांबते म्हणाली."

बाहेर नुमाननं हॉर्न दिला. शरीफुन्निसानं टेबलावरची उष्टी भांडी बघितली, आवरायला हात पुढं केला, आणि लीनानं तो बाजूला सारला. ती तशीच निघाली. एप्रन वाऱ्यानं फडफडत होता. तिनं तो दोन्ही मुठींनी पोटाशी धरला आणि गाडीत बसली.